एकाच समुद्राच्या दोन डिस्क

माझा जावयावर पहिल्यापासून संशय होता, असं माझी बायको सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. माझा संशय सगळ्यांवरच होता, जावई त्यात नंतर आला.

तीस वर्षं मी भिवंडीत कोरं कापड तपासलं. मागावरून नुसतं उतरलेलं, ना रंग ना धुलाई, असं कापड. लूमवाले तागे आणून टाकायचे आणि फोल्डिंग खात्यातल्या उतरत्या काचेच्या टेबलावरून, खाली ट्यूबलाइट लावून, मी एकेक तागा डोळ्यांखालून काढायचो. कुठे आडवा धागा सुटलाय, कुठे तेलाचा डाग पडलाय, कुठे पट्टा आलाय. दोष सापडला की तिथे काठाला लाल दोऱ्याची गाठ मारायची. एकदोन गाठी चालायच्या, जास्त झाल्या की तागा दुय्यम मालात. तागा पास झाला की चिठ्ठीवर सही करायची. सगळे मला मास्तर म्हणत. खिशात एक घडीचं पितळी भिंग असायचं, बरोबर एक इंच खिडकीचं. ते कापडावर ठेवलं की इंचात किती धागे बसलेत ते मोजता येतं. लूमवाला साठ सांगतो आणि बावन्न घालतो, हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं की कुणी साठ म्हटलं की माझा हात आपोआप खिशाकडे जायचा. भाजीवालीनं भाजी ताजी आहे म्हटलं तरी जायचा.

माझ्या निवृत्तीच्या सातआठ महिने आधी एक प्रकरण झालं. ते आधी सांगायला हवं, कारण पुढची सगळी डिस्कची भानगड त्याच्याशीच येऊन थांबते. एका व्यापाऱ्याकडून माल परत आला. सहा तागे, सहाही माझ्या सहीचे, आणि आत दोषच दोष. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शेठनं एका ताग्यातला हातभर तुकडा फाडून माझ्यापुढे टाकला. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, "हा तागा माझा नाही. चिठ्ठ्या बदलल्यात."

चिठ्ठ्या कोण बदलणार? घडी घालणारी बाई. माझ्या टेबलावरून उतरलेला तागा तिच्याकडे जायचा, ती घडी घालायची आणि मी सही केलेली चिठ्ठी त्याला टाचायची. दिघाशीहून यायची. वय चाळिशीच्या आत, बोलणं कमी, हात भराभर चालणारे. तिच्याविरुद्ध माझ्याकडे तीन गोष्टी होत्या आणि तिन्ही मी शेठसमोर बोटांवर मोजून सांगितल्या.

पहिली गोष्ट, ज्या लूमवरून ते तागे आले होते तिथे तिचा दीर कामाला होता. दुसरी, हे सहा तागे मी तपासले त्या तेरा दिवसांत ती रजेवर होती, सासू वारली म्हणून. रजेवरून आली आणि दुसऱ्या दिवशी माल निघाला. चिठ्ठ्या बदलायला एक दिवस पुष्कळ झाला. नेमकी तेव्हाच सासू कशी वारते, असंही मी म्हणालो. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत भारी वाटत होती. मी डावखुरा आहे. माझी गाठ उलटी बसते, आणि खात्यात दुसरं डावखुरं कुणी नव्हतं. त्याआधीच्या वर्षभरात दुय्यम मालाचे ढीग मोजताना मला अधूनमधून ताग्यांवर सुलट गाठी लागल्या होत्या. दोरा लाल, खात्यातलाच, पण गाठ माझी नाही. मी वाकून पाहिलं होतं. त्या दोऱ्यापाशी कापड स्वच्छ होतं. म्हणजे ही बाई चांगल्या मालाला खोटे दोरे बांधून तो दुय्यममध्ये ढकलत होती आणि खराब माल माझ्या सहीखाली पुढे काढत होती. झालं, माझ्यापुरता निकाल लागला.

ती एवढंच म्हणाली, "मास्तर, तो तुकडा एकदा माझ्यासमोर उघडून बगा."

मी म्हणालो, "एकदा बघितलेला माल मी पुन्हा बघत नाही."

त्याच संध्याकाळी शेठनं तिला काढलं. मला वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. तुकडा मी पुरावा म्हणून पिशवीत घातला, घरी आणला आणि कपाटात शालींच्या खाली ठेवला. उघडला मात्र नाही. उघडून बघणं म्हणजे तिचं ऐकणं झालं असतं.

आता जावई. तो दापोड्याच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. माणूस गोड बोलतो, आणि गोड बोलणाऱ्याचा तागा मी नेहमी दोनदा पसरवून बघायचो. गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल निकालात निघाला, तेव्हा त्यानं एक डिस्क लावायचं यंत्र आणि दोन डिस्क आमच्याकडे आणल्या. दोन्ही डिस्क एकाच माहितीपटाच्या. समुद्र, मासे, प्रवाळ, असलं काहीतरी. एक साधी डीव्हीडी, दुसरी निळ्या डबीतली, एचडी.

"बाबा, तुमचा टीव्ही एवढा चांगला, त्यावर नुसत्या मालिका काय बघता," तो म्हणाला. "ही निळी लावा. पाण्यात उतरल्यासारखं वाटेल."

"आणि दुसरी कशाला?"

"फरक कळावा म्हणून."

मी हो म्हटलं आणि मनात म्हटलं, एकच सिनेमा दोनदा कोण देतं? एकतर यंत्र बिघडलेलं असणार, नाहीतर निळ्या डबीत साधीच डिस्क घातलेली असणार. डबी बदलणं चिठ्ठी बदलण्याइतकंच सोपं. आणि समजा सगळं खरं असलं, तर सासऱ्याला फरक दाखवायची एवढी हौस का?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी दोन्ही डिस्क लावून पाहिल्या. यंत्राबरोबर पिवळी, लाल, पांढरी अशा तीन टोकांची वायर होती, ती जोडली. आधी साधी लावली, मग निळी. फरक शून्य. बायकोला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली, दोन्ही पाहिल्या आणि म्हणाली, "सारकंच हाय."

मला किती आनंद झाला ते लपवत नाही. मी तिथल्या तिथे जावयाला फोन लावला. "तुमची एचडी बघितली. दुसऱ्या कुणाला विका."

तो हसला. "बाबा, वायर कुठली लावलीत? तीन रंगांची? अहो, त्या वायरीतून एचडी जातच नाही. मी रविवारी दुसरी घेऊन येतो."

माल खराब निघाला की दोष वायरीचा. लूमवाले दोष हवेचा सांगायचे, हा वायरीचा सांगत होता. मी रविवारची वाट बघत बसलो.

रविवारी तो आणि मुलगी आले. त्यानं चपट्या पिनेची एकच जाड वायर आणली होती. ती लावली, निळी डिस्क घातली, आणि मुलगी एकदम "अगं आई!" म्हणाली. बायको तर उठून टीव्हीजवळ गेली. मी जागेवर बसून बघत होतो. मासे होते, पाणी होतं, निळं होतं. आदल्या वेळी होतं तसंच.

"रंग जरा भडक केलाय," मी म्हणालो. "बाकी काय?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अशी नजर मला ओळखता येते. लूमवाले आणि दलाल आपसात ठरवून आले की एकमेकांकडे असंच बघायचे. मी ठरवलं, आता मोजमाप काढायचं. उठलो आणि कपाटातून भिंग आणलं.

यावर मुलगी अजून हसते, पण तेव्हा मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. चित्र म्हणजे दाणेच दाणे, आणि दाणे म्हणजे धागे. जास्त दाणे, चांगला माल. यात कोणाला काय फसवता येणार? मी जावयाला चित्र थांबवायला सांगितलं, भिंगाची खिडकी टीव्हीच्या काचेला टेकवली आणि मोजायला लागलो. निळी डिस्क, एका इंचात पंचावन्न. मग साधी लावायला लावली. एका इंचात पंचावन्न. पुन्हा मोजले, खात्री केली. पंचावन्नच.

"बोला आता," मी वळून म्हणालो. "साठ सांगता आणि बावन्न घालता, त्यातलाच प्रकार. दोन्ही कापडं एकाच मोजमापाची."

जावई फार सांभाळून म्हणाला, "बाबा, ते दाणे टीव्हीचे आहेत. डिस्क कुठलीही लावा, काच तीच राहणार, दाणे तेवढेच राहणार. दाण्यात काय भरायचं ते डिस्क ठरवते."

मी भिंग मिटलं. तीस वर्षं कापड मोजलेला माणूस, कापड मोजायला गेलो आणि माग मोजून आलो. मुलीनं तोंडावर ओढणी धरली होती. जावई मात्र हसला नाही, हे मला आणखीच संशयास्पद वाटलं.

ते गेल्यावर मी बायकोला सोडलं नाही. माझं म्हणणं साधं होतं. त्या दोघांनी 'पाण्यात उतरल्यासारखं' असं सांगून ठेवलंय, म्हणून तुला तसं दिसतं. खात्यात आम्ही नव्या माणसाची परीक्षा घ्यायचो तेव्हा ताग्यांच्या चिठ्ठ्या काढून टाकायचो आणि मग विचारायचो, सांग यातला चांगला कुठला. तशीच परीक्षा मी घरी लावली. बायको भिंतीकडे तोंड करून बसणार. मी डिस्क घालणार, एकच जागा काढणार, जिथे चंदेरी माशांचा मोठा थवा वळतो ती. चित्र थांबवणार. मग तिनं वळायचं आणि सांगायचं.

ती वळली आणि लगेच म्हणाली, "साधी."

बरोबर होतं. पुन्हा केलं. "निली." बरोबर. तिसऱ्यांदा मी मुद्दाम तीच डिस्क काढून तीच पुन्हा घातली. "निलीच हाय, उगाच कशाला काडली?"

आठ वेळा केलं आणि आठही वेळा तिनं बरोबर सांगितलं. तरी माझा संशय सुटला नाही. यंत्राच्या आवाजावरून ओळखत असेल, म्हणून मी पंखा पाचवर केला. डबीचा आवाज येत असेल, म्हणून डब्या आतल्या खोलीत ठेवल्या. काचेच्या कपाटात प्रतिबिंब पडत असेल, म्हणून त्यावर चादर टाकली. ती प्रत्येक वेळी भिंतीकडे वळून बसायची आणि प्रत्येक वेळी बरोबर सांगायची.

शेवटी मी विचारलं, "कशावरून ओळखतेस?"

"खवलं बगा ना," ती म्हणाली. तिचं माहेर खाडीकाठचं. लहानपणापासून मासळीच्या टोपलीपाशी बसलेली. "निल्यात एकेक खवला येगला दिसतो. कल्ल्याची लाली दिसते. साद्यात सगला मासा चकचकीत कागदात गुंडाललाय. तुमाला न्हाय दिसत?"

"दिसतं की," मी म्हणालो.

मग तिनं परीक्षा फिरवली. मला भिंतीकडे बसवलं. मी दहा वेळा वळलो आणि दहातली चार उत्तरं बरोबर आली. डोळे मिटून सांगितली असती तर कदाचित पाच आली असती. प्रत्येक वेळी मला एकच दिसत होतं. निळं पाणी आणि त्यात चंदेरी, चकचकीत कागद.

"डोले दाकवा एकदा," बायको म्हणाली.

माझा पारा चढला. "माझे डोळे? अख्ख्या भिवंडीनं ज्या डोळ्यांवर कापड विकलं ते डोळे? आत्ता त्या काचेवर पंचावन्न दाणे कोणी मोजले?"

"भिंगातनं मोजलंत," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

मी टीव्ही बंद केला आणि काळ्या काचेसमोर बसून राहिलो. मी यंत्रावर संशय घेतला होता, डबीवर, वायरीवर, जावयावर, मुलीवर, पंख्याच्या आवाजावर, कपाटाच्या काचेवर. घरात संशय घ्यायचं एकच उरलं होतं आणि ते माझ्या चष्म्यामागे होतं. मला भीती वाटली. डोळ्यांची नाही. भीती वाटली ती कपाटात शालींखाली ठेवलेल्या तुकड्याची.

डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "अंधुक कधीपासून दिसतंय?"

"अंधुक दिसतच नाही," मी म्हणालो.

"दोन्ही डोळ्यांत सारखा पिकत आला की कळत नाही माणसाला. मोतीबिंदू आहे. बराच जुना दिसतोय, तीनचार वर्षांचा तरी असेल."

निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती. हिशोब मी तिथेच खुर्चीवर केला आणि पुढचं त्यांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटून काही दिवस गेल्यावर, टीव्ही बघायची मोकळीक मिळाली तेव्हा मी पहिल्यांदा निळी डिस्क लावली. चंदेरी थवा वळला आणि मी रडायला लागलो. एकेक मासा वेगळा होता. एकेक खवला वेगळा होता. मग डावा डोळा उघडा ठेवून उजवा हातानं झाकला. थवा पुन्हा कागदात गुंडाळला गेला. उजव्या डोळ्यानं निळी डिस्क, डाव्यानं साधी. कितीतरी वेळ मी आळीपाळीनं डोळे झाकत बसलो होतो. या डाव्या डोळ्यासारख्या दोन डोळ्यांनी मी शेवटची दोन वर्षं कापड पास केलं होतं, आणि सही ठोकताना एकदाही हात अडखळला नव्हता.

त्याच दुपारी कपाट उघडलं. तुकडा बाहेर काढला आणि खिडकीशी धरला. मधोमध आडवा पट्टा होता, चांगला दोन बोटांचा, धागे सुटून विरळ झालेला. त्याच्या खाली आणखी एक. आंधळ्याच्याही हाताला लागले असते असे. काठावर तेलाचा मोठा काळा डाग होता आणि त्या डागाला लाल दोरा बांधलेला होता. मी गाठ बोटांत फिरवली. उलटी होती. माझी होती.

म्हणजे चिठ्ठी कुणी बदलली नव्हती. तागा माझ्याच हाताखालून गेला होता. काळा डाग मला दिसला, त्याला मी दोरा बांधला, आणि त्याच्या चार बोटांवर असलेले दोन पट्टे मला दिसले नाहीत. ती 'उघडून बगा' म्हणाली होती ते या दोऱ्यासाठी. गाठ कुणाची ते सगळ्यांना दिसलं असतं. मी तो तुकडा तेव्हा उघडला असता तर तिचं काम राहिलं असतं.

बायकोला सगळं सांगितलं. ती पोळपाटावरून हात न उचलता म्हणाली, "मग बसलाव कशाला? जा तिच्याकडं."

मी दिघाशीला गेलो. ती आता दापोड्याला एका गोदामात पॅकिंगला जाते आणि त्या दिवशी तिला सुट्टी होती, हे गावात विचारल्यावर कळलं. ओट्यावर चवळीच्या शेंगा सोलत बसली होती. मला बघून उठली नाही. मी न बसता पिशवीतून तुकडा काढला आणि तिच्यासमोर उघडला.

तिनं डोळ्यांनी बघायच्या आधी काठ अंगठ्यानं चाचपला. दोऱ्यापाशी अंगठा थांबला.

"तुमचीच गाठ हाय," ती म्हणाली.

"माझीच आहे. माझे डोळे गेले होते. मला कळलं नाही."

"मना म्हाईत व्हतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय माहीत होतं?"

"तुमाला दिसत न्हाय ते. वरीसभर आदीपासनं. घडी घालताना माज्या हाताला पट्टं लागायचं. तुमी पास केलेल्या मालात. मग मीच दोरा बांदायची आन् तागा दुय्यममधी टाकायची."

त्या सुलट गाठी. ज्या दोऱ्यांपाशी मी वाकून पाहिलं होतं आणि मला कापड स्वच्छ दिसलं होतं. मी खाली बसलो. ओट्यावर शेंगांची सालं पसरली होती, त्यांच्यावरच बसलो.

"मग सहा तागे..."

"तवा मी व्हते कुटं? सासूच्या तेराव्याला व्हते. आल्यावर बगितलं तर माल बांदून झालेला. सगलं कोन सोडनार? म्हटलं, असंल चांगला."

तेरा दिवस माझ्या मागे कुणी नव्हतं, तर सहा तागे गेले. आणि त्या तेरा दिवसांचाच मी पुरावा केला होता.

"मला सांगायचंस," मी म्हणालो. "एका शब्दानं सांगायचंस."

"तुमची दीड-दोन वरीस ऱ्हायली व्हती. शेटला कललं असतं तर तुमाला घरी बसवलं असतं." ती पुन्हा शेंग सोलायला लागली. "तुमाला सांगितलं असतं तर तुमी मना काय बोलला असता, ते बी म्हाईत व्हतं."

ते मलाही माहीत होतं. मी म्हणालो असतो, हिला माझी जागा पाहिजे.

मी हात जोडले. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी तसं विचारलंही नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "माज्या नवऱ्याला अजून वाटतं, मी कायतरी केलंच असनार. तुमी एवडे मोटे मास्तर, तुमी खोटं कशाला बोलाल?" मग सूप बाजूला सारून उठली. "जितं बोललाव तितंच बोला. माज्यासमोर."

तिच्या नवऱ्याला बरोबर घेऊन आम्ही तिघं खात्यावर गेलो. नवरा रिक्षात माझ्या शेजारी बसला होता आणि सारा रस्ता बाहेर बघत होता. खात्यात नवा मास्तर आला होता, बायकांमधल्या दोघीतिघी जुन्या होत्या. शेठनं मला बघून खुर्ची ओढली. मी उभाच राहिलो आणि काय झालं ते सांगायला सुरुवात केली.

शेठ मध्येच म्हणाला, "अरे मास्टर, छोडो ना. पुरानी बात हो गयी. उसको भी तो काम लग गया."

"लाइट लावा," मी म्हणालो.

"किसलिए?"

"लावा तुम्ही."

नव्या मास्तरनं टेबलाखालची ट्यूब लावली. मी तुकडा काचेवर पसरला. दोन्ही पट्टे उजेडात लख्ख उठून आले. मी आधी दोरा दाखवला, गाठ दाखवली, डाव्या हातानं तशीच दुसरी गाठ मारून तिच्याशेजारी ठेवली. मग म्हणालो, "तागा माझा होता. सही माझी होती. चिठ्ठी कुणीही बदललेली नव्हती. मला दिसत नव्हतं आणि मी हिच्यावर आळ घेतला. हिनं वर्षभर माझ्या चुका झाकल्या होत्या." मी एकदा नवऱ्याकडे बघून आणि एकदा बायकांकडे बघून दोनदा सांगितलं. एकीनं तोंडाला पदर लावला. नवरा टेबलाजवळ आला, वाकून गाठीकडे बघत राहिला.

शेठ जरा ओशाळला. तिला म्हणाला, "सोमवारसे आ जाओ. तुम्हारी जगह है."

"नको," ती म्हणाली. "दापोड्याला ड्युटी हाय माजी."

मला वाटलं संपलं. मी तुकडा उचलायला हात पुढे केला, पण तिनं तो आधीच ओढून घेतला होता.

"ह्यो माज्याकडं ऱ्हाऊ द्या."

"ठेव की. पण आता कशाला?"

"उद्या तुमी बदललाव तर?" तिनं शांतपणे विचारलं. टेबलावरची खुणेची पेन्सिल उचलली आणि माझ्यापुढे धरली. "ह्याच्यावर ल्हिवा. तागा माजा व्हता म्हनून. आन् सही करा."

मी लिहिलं आणि सही केली. तिनं तुकडा उजेडात धरून एकेका अक्षराखाली बोट फिरवत वाचला. मग सही वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि घडी घालून पदराखाली धरला. या खात्यात तिनं माझ्या सहीच्या हजारो चिठ्ठ्या टाचल्या होत्या, आणि त्यातली एकही ती वाचून बघत नसे.